शुक्रनीतींतील ‘सेवेविना वेतन’ आणि अर्धवेळ भृत्याचा अधिकार

प्राचीन भारतांत चाकरास रजेच्या दिवसांचें वेतन मिळत असे काय, आणि मिळत असल्यास तें पूर्णवेळ चाकरासच मिळे कीं दिवसाचा कांहीं भाग अथवा वर्षाचे कांहीं महिने राबणाऱ्यासही मिळे, हा प्रश्न वरवर पाहतां अर्वाचीन कामगार-कायद्याचा दिसतो. वस्तुतः त्याचा विचार करणारे संस्कृत ग्रंथ आपल्या पोथ्यांच्या संग्रहांत आहेत, व त्यांचा आधार व्याख्यानांतून आणि वृत्तपत्रांतून वारंवार घेतला जातो. हा आधार बहुधा एकाच ग्रंथाचा, म्हणजे शुक्रनीतीचा, असतो. पूर्वजांनीं हजारों वर्षांपूर्वीं चाकरास पंधरा दिवसांची भरपगारी रजा दिली होती, असें विधान त्यावरून केलें जातें. तें विधान कितपत टिकतें, आणि तें टाकावें लागल्यास त्याच्या जागीं विश्वासार्ह असें काय उरतें, हें प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे.

प्रारंभींच तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या केल्या पाहिजेत. पहिली, सुटीचा अधिकार. म्हणजे अमुक दिवशीं कामावर न येण्याची मोकळीक. दुसरी, सुटीच्या दिवशीं केलेल्या कामाचा अधिक मोबदला. तिसरी, सुटीचें वेतन. म्हणजे ज्या दिवशीं काम केलेंच नाहीं त्या दिवसाचाही पगार. या तिन्हींची गल्लत झाल्यामुळें एका ग्रंथांतील वचन दुसऱ्याच्या पुष्ट्यर्थ दिलें जातें. प्रत्येक ग्रंथास या तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारल्या, तर उत्तरेंही वेगवेगळीं येतात.

१. शुक्रनीतींतील नियम

शुक्रनीतीच्या दुसऱ्या अध्यायाच्या अखेरच्या भागांत भृतीचें, म्हणजे वेतनाचें, प्रकरण आहे. भृति तीन प्रकारची सांगितली आहे. अमुक ओझें अमुक ठिकाणीं पोंचविल्यास अमुक देईन, ही कार्यमाना. दर वर्षास, दर महिन्यास किंवा दर दिवसास अमुक देईन, ही कालमाना. आणि इतक्या काळांत इतकें काम केल्यास इतकें देईन, ही कार्यकालमिता. रजेच्या वेतनाचा प्रश्न खरोखर कालमाना भृतीच्याच ठायीं उद्भवतो. ओझें पोंचविणाऱ्यास त्याचा मोबदला मिळाला कीं व्यवहार संपला. ज्याचा काळच विकत घेतला आहे, त्यास त्यांतील कांहीं काळ परत द्यावयाचा कीं नाहीं, हा प्रश्न मात्र राहतो.

अहोरात्राचे याम आठ; एक याम सुमारें तीन तासांचा. नित्य चाकरीस असलेल्या भृत्यास गृहकृत्यासाठीं दिवसा एक याम व रात्रीं तीन याम मोकळे द्यावेत, असा पहिला नियम आहे. म्हणजे आठांपैकीं चार याम त्याचे स्वतःचे. लगेच पुढें ‘दिनभृत्या’चा उल्लेख येतो व त्यास अर्धा याम द्यावा असें सांगितलें आहे. दिनभृत्य म्हणजे केवळ दिवसापुरता ठेवलेला चाकर. रात्र त्याची स्वतःचीच असल्यामुळें रात्रीच्या यामांचा प्रश्न त्याच्या बाबतींत उद्भवत नाहीं; दिवसाची मोकळीक मात्र पूर्णवेळ भृत्याच्या निम्मी. दिवसाचें वेतन ठरलेलें असतां त्यांतून हा अर्धा याम वजा करावा असें ग्रंथकार म्हणत नाहीं. तेव्हां तो अर्धा याम सवेतनच मानला पाहिजे. पंधरा दिवसांच्या रजेकडे धांव घेणारे लेखक हें विधान ओलांडून जातात. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें साऱ्या प्रकरणांत मोलाचें आहे तें हेंच. चाकरी अपुरी म्हणून अधिकार अपुरा. पण अपुरा म्हणजे शून्य नव्हे, हें तत्त्व त्यांत आलें आहे.

पुढें उत्सवांचा विचार आहे. राजानें उत्सवादि दिवस सोडून भृत्यांकडून काम घ्यावें. कार्य अत्यंत आवश्यक असेल तर उत्सवाच्या दिवशींही घ्यावें, पण श्राद्धदिन मात्र सर्वथा सोडावा. उत्सव मागेंपुढें करतां येतो. पित्याची तिथि मागेंपुढें होत नाहीं, हा यांतील विवेक उघड आहे. हा नियम पहिल्या प्रकारचा, म्हणजे सुटीच्या अधिकाराचा, आहे.

आजाऱ्याविषयींचे नियम अधिक बारकाईचे आहेत. आजार पक्षार्धाहून, म्हणजे सुमारें आठवड्याहून, अधिक नसेल तर वेतन यत्किंचितही कापूं नये. पांच वर्षें चाकरी झालेल्यास आजारांत तीन महिनेपर्यंत पाऊण वेतन द्यावें व त्यांत प्रसंगानुसार न्यूनाधिक करावें. आजार लांबल्यास मर्यादा सहा महिन्यांची. एक वर्ष चाकरी झालेल्याच्या जागीं प्रतिनिधि, म्हणजे बदली मनुष्य, घ्यावा. मनुष्य अत्यंत गुणी असेल तर अर्धें वेतन चालूच ठेवावें. यानंतर तें प्रसिद्ध विधान येतें : वर्षांतून एक पक्षाचें वेतन राजानें भृत्यास सेवेविना द्यावें. त्याच्याच पाठोपाठ, चाळीस वर्षें चाकरींत घालविलेल्यास पुढें सेवेविना अर्धें वेतन द्यावें. स्वामिकार्यांत जो नष्ट झाला त्याच्या पुत्रास, तो लहान असेपर्यंत, बापाचें वेतन चालवावें. आणि वर्षास वेतनाचा आठवा भाग पारितोषिक द्यावा, असे नियम आहेत.

एक पक्षाच्या रजेंत दिनभृत्य येतो कीं नाहीं, याविषयीं ग्रंथ मौन धरतो. येथें अर्थनिर्णयाचा नेहमींचा न्याय लावला पाहिजे. ग्रंथकारास दिनभृत्याचें वेगळेपण ठाऊक आहे. गृहकृत्याच्या नियमांत त्यानें त्याचा निराळा निर्देश केला आहे. रजेच्या नियमांत मात्र ‘भृत्य’ हा सामान्य शब्दच योजिला आहे. जेथें विशेष विधान करून कोणास वगळलें नाहीं, तेथें सामान्य शब्द सर्वांस व्यापतो. उलट पक्षीं असें म्हणतां येईल कीं, ‘वर्षांतून’ या शब्दानेंच वर्षभराची चाकरी सूचित होते. दोन्हींचा मेळ असा बसतो : जो दिवसापुरता येतो पण वर्षभर येतो, तो या नियमांत येतो, जो एखाद्या दिवसाच्या कामास बोलावला जातो, तो येत नाहीं. आणि ज्यास रोजचें वेतन पूर्णवेळ भृत्याहून कमी, त्याच्या पक्षाचें वेतनही त्याच मानानें कमी होईल, हें गणित निराळें सांगावें लागत नाहीं.

२. ग्रंथाचा काळ

नियम इतके स्पष्ट असतां त्यांचा आधार सरसहा कां घेऊं नये? कारण ग्रंथाचा काळ. गुस्टाव्ह ओपर्ट यांनीं १८८२ सालीं मद्रास येथें शुक्रनीतीची आवृत्ति संपादिली. त्यापूर्वीं १८८० सालींच, प्राचीन हिंदूंच्या शस्त्रांविषयींच्या आपल्या पुस्तकांत, याच ग्रंथाच्या बळावर त्यांनीं बंदुकीच्या दारूचें ज्ञान भारतीयांस फार प्राचीन काळीं होतें असें प्रतिपादन केलें होतें. १९१४ सालीं बिनयकुमार सरकार यांचें इंग्रजी भाषांतर अलाहाबादच्या पाणिनि ऑफिसनें प्रसिद्ध केलें आणि ग्रंथाची कीर्ति देशभर झाली.

ओपर्ट यांनीं जें प्राचीनतेचें भूषण मानिलें, तेंच पुढें अर्वाचीनतेचें गमक ठरलें. ग्रंथांत लहान व मोठ्या नलिकांचें, म्हणजे बंदुकांचें व तोफांचें, वर्णन आहे. सोरा पांच भाग, गंधक एक भाग व कोळसा एक भाग असें दारूचें प्रमाणही दिलें आहे. मध्ययुगीन निबंधकारांनीं शुक्राच्या नांवावर उतरून घेतलेलीं वचनें व उपलब्ध शुक्रनीति यांचा मेळ बसत नाहीं, हा दुसरा आक्षेप. १९६२ सालीं लल्लनजी गोपाल यांनीं लंडनच्या प्राच्यविद्यासंस्थेच्या पत्रिकेंत लेख लिहून हा ग्रंथ एकोणिसाव्या शतकांतील होय असें मत मांडलें. दारूगोळ्याचे श्लोक तेवढे प्रक्षिप्त मानून उरलेल्या ग्रंथास प्राचीन ठरविण्याचे प्रयत्नही झाले आहेत. परंतु ग्रंथाचा आज उपलब्ध असलेला पाठ तोफा-बंदुकांच्या प्रसारानंतरचा आहे, इतकें तरी मान्य करावेंच लागतें.

यावरून जें निष्पन्न होतें तें महत्त्वाचें आहे. ‘हजारों वर्षांपूर्वींची भरपगारी रजा’ हें विधान शुक्रनीतीच्या आधारें करतां येत नाहीं. त्यासाठीं निःसंशय जुन्या ग्रंथांकडे गेलें पाहिजे.

३. स्मृति आणि कौटिल्य

या शोधास वाईहून अधिक सोयीचें स्थळ क्वचितच सांपडेल. येथील प्राज्ञपाठशाळेनें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं प्रसिद्ध केलेल्या धर्मकोशाच्या व्यवहारकांडांत (१९३७–१९४१) अठरा व्यवहारपदांवरील वचनें एकत्र केलीं आहेत. त्यांत ‘वेतनानपाकर्म’, म्हणजे ठरलेलें वेतन न देणें, हें एक पद आहे. निरनिराळ्या स्मृतींचीं वचनें एकाखालीं एक वाचीत गेलें म्हणजे त्यांतील सूत्र आपोआप ध्यानांत येतें.

तें सूत्र असें कीं, वेतन कामामागून येतें. मनूच्या आठव्या अध्यायांत निरोगी असून दर्पानें काम न करणाऱ्या भृत्यास आठ कृष्णलांचा दंड व वेतनाचा लोप सांगितला आहे. आजारी पडलेला भृत्य बरा होऊन ठरल्याप्रमाणें काम पुरें करील तर फार काळ लोटला तरी त्यास वेतन मिळावें. काम स्वतः पुरें न करील आणि दुसऱ्याकडूनही करवून न घेईल, तर कांहीं मिळूं नये. याज्ञवल्क्य वेतन घेऊन काम टाकणाऱ्याकडून दुप्पट घ्यावयास सांगतो; वेतन न ठरवितां काम करवून घेतलें असेल तर व्यापार, पशु व धान्य यांच्या उत्पन्नाचा दशांश भृत्यास देववितो. विज्ञानेश्वराची मिताक्षरा, जी महाराष्ट्रांत शतकानुशतकें व्यवहाराचा आधार होती, याच चौकटीतून चालते. आजाऱ्यास स्मृति देतात ती मुदत. रजा नव्हे, वेतन तर नव्हेच.

कौटिल्याचें अर्थशास्त्र या बाबतींत अधिक विचारणीय आहे, कारण त्यांत आपल्याला हवा असलेला अर्धवेळ कामकरी प्रत्यक्ष भेटतो. १९०५ सालीं म्हैसूर येथें शामशास्त्री यांच्या हातीं हें हस्तलिखित आलें व १९०९ सालीं तें छापून निघालें. त्यापूर्वीं या सर्व माहितीस विद्वान् मुकले होते, ही गोष्ट पोथ्या जमविणाऱ्यांनीं नेहमीं स्मरणांत ठेवण्यासारखी आहे.

अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत सूत्राध्यक्षाचें प्रकरण आहे. लोंकर, कापूस, ताग इत्यादींचें सूत काढण्याचें काम विधवा, व्यंग असलेल्या स्त्रिया, कुमारिका, परिव्राजिका, वृद्ध राजदासी, देवालयांतील सेवा संपलेल्या देवदासी अशांकडून करवावें, असें तेथें सांगितलें आहे. ज्या घराबाहेर पडत नाहींत त्यांना अध्यक्षानें आपल्या दासींमार्फत आदरपूर्वक घरपोंच काम द्यावें. ज्या स्वतः सूत्रशाळेंत येतात त्यांनीं पहाटे यावें, सूत द्यावें व वेतन घ्यावें. दिवा असावा तो सूत पारखण्यापुरताच, आणि अध्यक्ष स्त्रीच्या मुखाकडे पाहील किंवा अन्य गोष्टी बोलेल तर त्यास दंड. घरचें सर्व आटोपून उरलेल्या वेळांत सूत काढणाऱ्या या स्त्रियांहून स्पष्ट असा अर्धवेळ कामकऱ्यांचा वर्ग जुन्या वाङ्मयांत दाखविणें कठीण.

यांच्या सुटीविषयीं कौटिल्य काय म्हणतो? तिथींच्या, म्हणजे सणावारांच्या, दिवशीं त्यांच्याकडून काम घ्यावयाचें तर देणगी व सन्मान करून घ्यावें. हा दुसऱ्या प्रकारचा नियम आहे. त्यावरून पहिलाही निघतो : सणाचा दिवस हा एरवीं कामाचा नव्हे असें गृहीत धरल्याखेरीज त्या दिवशींच्या कामास अधिक द्यावें असें म्हणण्यांत अर्थ नाहीं. तिसऱ्या प्रकाराविषयीं मात्र कौटिल्य अगदीं उलट टोंकास आहे. वेतनाची वेळ टळूं देणाऱ्या अध्यक्षास तो मध्यम साहसदंड सांगतो, आणि त्याच वाक्यांत, न केलेल्या कामाचें वेतन देणाऱ्यासही तोच दंड सांगतो. शुक्रनीतिकार जें द्यावयास सांगतो, तेंच देणाऱ्यास कौटिल्य दंड करतो. दोन ग्रंथांमधील अंतर इतकें मोठें आहे कीं, दोहोंस ‘प्राचीन भारतीय रजानियम’ या एका मथळ्याखालीं बसविणें शास्त्राला धरून नाहीं.

अर्थात् कौटिल्याचा रोख अधिकाऱ्यानें राजाचें द्रव्य उधळण्याकडे आहे, कामकरणीच्या सुटीकडे नाहीं. तिसऱ्या अधिकरणांत तो कामकऱ्यास आजारांत किंवा संकटांत सवलत देतो व दुसऱ्याकडून काम करवून घेण्याची मुभा देतो. संघानें पत्करलेल्या कामास सात रात्रींची मुदत देतो. पण या मुदतीचा पगार तो देत नाहीं.

४. मराठी व्यवहार

आतां शुक्रनीतीचे नियम कोठून आले? रजा व निवृत्तिवेतन हीं इंग्रजी अमलाचीं लक्षणें आहेत, तेव्हां हे नियम कंपनी सरकारच्या कायद्यांवरून रचले असावेत, असें झटकन् मनांत येतें. ग्रंथ अर्वाचीन असला तरी हा निष्कर्ष अपरिहार्य नाहीं. स्वामिकार्यांत पडलेल्याच्या अज्ञान पुत्रास वेतन चालविण्याचा जो नियम वर दिला, त्याचें प्रतिरूप मराठी दप्तरांत ‘बालपरवेशी’ या नांवानें प्रसिद्धच आहे. लढाईंत पडलेल्याच्या मुलाबाळांच्या निर्वाहाची ती नेमणूक कोणा इंग्रज अधिकाऱ्यापासून शिकावी लागली नाहीं. एक नियम देशी व्यवहाराशीं इतका जुळत असतां, शेजारचे नियम परके ठरविण्यापूर्वीं देशी कागद पाहिले पाहिजेत.

ऋतुपरत्वें चालणाऱ्या चाकरीचेंही उदाहरण आपल्याकडे आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथें लिहिलेल्या सभासदाच्या बखरींत शिवछत्रपतींच्या लष्कराची रीति वर्णिली आहे. लष्करानें पावसाळ्यांत छावणीस यावें; तेथें दाणा, चारा, औषधें व राहण्याचीं घरें सिद्ध असावींत; दसरा होतांच कूच करून आठ महिने बाहेर मुलुखांत असावें. चार महिने मोहीम नसे, पण पागेचा शिपाई व घोडा यांस पोसण्याची जबाबदारी तुटत नसे. ही रजा नव्हे; तथापि काम थांबलें म्हणून पोषण थांबूं नये, ही कल्पना तींत आहे.

गांवगाड्याची रीत निराळी. बलुतेदार हा एका घराचा पूर्णवेळ चाकर नव्हे. सुतार, लोहार, न्हावी, परीट हे गांवांतील प्रत्येक कुळाकडे थोडथोडा वेळ राबणारे. त्यांचें बलुतें खळ्यावर धान्याच्या रूपानें मिळे व तें दिवसांवर मोजलेलें नसे. म्हणून सुतार चार दिवस तापानें पडला किंवा यात्रेस गेला तर तेवढे दिवस वजा करण्याचा प्रश्न नव्हता. बलुत्यांत खाडा नाहीं. उलट, रोजावर किंवा महिन्यावर ठेवलेल्या मनुष्याचा खाडा मांडला जातो व कापला जातो. ‘खाडा’ हा लहानसा मराठी शब्द म्हणजे स्मृतींच्या त्या जुन्या सूत्राचा, काम नाहीं तर वेतन नाहीं याचा, घरगुती हिशोबांत उरलेला अवशेष होय.

परंतु या चित्राची दुसरी बाजू झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. ज्याचा खाडा मांडला जात नाहीं, त्याच्या कामाला मर्यादाही राहत नाहीं. महार वतनदाराच्या बाबतींत हें अति कठोरपणें दिसून येई. रात्रंदिवस केव्हांही बोलावणें यावें, तो नसेल तर घरांतल्या दुसऱ्यानें जावें, आणि मोबदला तुटपुंजा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळांत वतनाच्या कायद्यास दुरुस्ती सुचविणारें विधेयक मांडलें तें या स्थितीविरुद्ध. १९५८ च्या कायद्यानें तीं कनिष्ठ वतनें रद्द झालीं. काळ मोजला नाहीं तर रजाही मोजतां येत नाहीं, हा धडा या इतिहासांतून मिळतो.

५. अर्वाचीन कायदा

अर्वाचीन इतिहास येथें तुलनेपुरताच घ्यावयाचा आहे. ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मुंबईच्या गिरणी-कामगारांच्या सुमारें साडेपांच हजार सह्यांचा अर्ज सिद्ध केला. त्यांत रविवारच्या सुटीची मागणी होती. २४ एप्रिल १८९० रोजीं सुमारें दहा हजार कामगारांची सभा झाली आणि १० जून १८९० रोजीं गिरणी-मालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. ज्या गिरण्यांत सातारा व रत्नागिरीकडील हजारों माणसें राबत होतीं, तेथला हा विजय थोर खरा. पण तो पहिल्या प्रकारचा होता. मिळाली ती सुटी. सुटीचें वेतन नव्हे.

तिसरा प्रकार कायद्यांत येण्यास आणखी अर्धें शतक लागलें. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १९३६ च्या करारानें वर्षभराच्या चाकरीस किमान सहा कामाच्या दिवसांची सवेतन रजा ठरविली. भारतांत कारखाने-कायद्याची दुरुस्ती १९४५ सालीं झाली व १ जानेवारी १९४६ पासून अमलांत आली. बारा महिने सलग चाकरी झालेल्या प्रौढ कामगारास दहा व बालकामगारास चौदा दिवसांची सवेतन रजा तिनें दिली. त्या वेळीं केंद्र सरकारचे मजूरमंत्री होते डॉ. आंबेडकर, ज्यांनीं १९२८ सालीं अमर्याद सेवेविरुद्ध आवाज उठविला, तेच. पुढें वीस दिवसांच्या कामास एक दिवस हें प्रमाण आलें, आणि १९५४ च्या दुरुस्तीपासून वर्षांत २४० दिवस भरण्याची अट आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आलेल्या नव्या श्रमसंहितेनें ती १८० दिवसांवर आणली आहे.

वीस दिवसांस एक दिवस, हा हिशोब दिनभृत्याच्या अर्धयामाच्या जातीचा आहे. जितकी चाकरी तितकी रजा. दिवसांची किमान अट मात्र त्या जातीची नाहीं. ती अपुऱ्या चाकरीचा अधिकार कमी करीत नाहीं, नाहींसा करते. गिरण्यांतील ‘बदली’ कामगारास याचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या आला. नेहमींचा मनुष्य आजारी पडे किंवा गांवीं जाई तेव्हां बदलीवाल्यास काम मिळे. एकाची रजा ती दुसऱ्याची अर्धी भाकरी. शुक्रनीतींतील ‘प्रतिनिधि’ तो हाच. आजारी भृत्याच्या वेतनाचा इतका बारीक विचार करणारा ग्रंथकार या प्रतिनिधीस काय द्यावें याविषयीं एक अक्षरही लिहीत नाहीं. ग्रंथाची ही उणीव त्याच्या औदार्याइतकीच नमूद केली पाहिजे.

हा वाद केवळ आपल्याकडचा नाहीं. इंग्लंडांत वर्षाचे कांहींच आठवडे शिकविणाऱ्या एका संगीत-शिक्षिकेच्या प्रकरणांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं असा निर्णय दिला कीं, काम वर्षाच्या कांहीं भागापुरतें असलें तरी ५.६ आठवड्यांची सवेतन रजा त्या प्रमाणांत कापतां येत नाहीं. तेथील सरकारनें नियम बदलून १ एप्रिल २०२४ नंतर सुरू होणाऱ्या रजावर्षांपासून अशा लोकांची रजा केलेल्या तासांच्या १२.०७ टक्के ठरविली. पूर्ण कीं प्रमाणशीर, हाच तो प्रश्न.

आणि आपल्या घरांत? मोलकरीण ही आजची दिनभृत्या. चार घरीं एकेक-दोनदोन तास राबणारी. १९८० सालीं पुण्यांत मोलकरणींनीं संप केला तेव्हां वेतनाबरोबर रजेचा प्रश्नही पुढें आला. महाराष्ट्रानें २००८ सालीं घरेलू कामगारांसाठीं कल्याण मंडळाचा कायदा केला. तथापि खाडा कापावयाचा कीं नाहीं, हें अजून बहुतेक घरांत मालकिणीच्या मर्जीवरच ठरतें.

६. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी निश्चितपणें सांगतां येतात. स्मृतींत सवेतन रजा नाहीं. आजाऱ्यास काम पुरें करण्याची मुदत आहे. कौटिल्याच्या काळीं सणाच्या दिवसाचें वेगळेपण मान्य होतें व त्या दिवशींच्या कामास अधिक देण्याची रीत होती. ती घरीं बसून सूत काढणाऱ्या अर्धवेळ स्त्रियांसही लागू होती. प्राचीनतेचा अभिमान बाळगावयाचा तर तो या वचनाचा बाळगावा. तें निःसंशय जुनें आहे. ‘सेवेविना वेतन’ ही कल्पना शुक्रनीतींत येते, व शुक्रनीतीचा उपलब्ध पाठ अर्वाचीन आहे.

मात्र अर्वाचीन म्हणून तो टाकाऊ ठरत नाहीं. लल्लनजी गोपाल यांचें मत संपूर्ण स्वीकारलें तरी असें म्हणावें लागेल कीं, कारखान्याच्या कामगारास या देशांत एक दिवसाचीही सवेतन रजा कायद्यानें मिळण्याच्या कितीतरी आधीं एका संस्कृत पंडितानें ती पंधरा दिवसांची असावी असें लिहिलें, आणि दिनभृत्यास त्याच्या वांट्याचा अर्धा याम दिला. ज्या पंडितास कौटिल्याचें अर्थशास्त्र पाहावयास मिळालें नसेल, त्यानें स्मृतींच्या सूत्रापलीकडे जाऊन हें लिहिलें, यांत त्याची स्वतंत्र बुद्धि दिसते. त्याच्या ग्रंथास खोटें वय चिकटवून आपण त्याचा मान वाढवीत नाहीं. त्याचें श्रेय हिरावून घेतों.

राहिलें काम संग्राहकांचें आहे. ज्यांच्याकडे शुक्रनीतीची हस्तलिखित पोथी असेल त्यांनीं तिचा समाप्तिलेख, शक, लेखकाचें नांव व गांव आणि कागदाची जात यांची नोंद करावी. आणि दुसऱ्या अध्यायांतील भृतिप्रकरण त्या पोथींत संपूर्ण आहे कीं तुटक, हें छापील प्रतीशीं ताडून पाहावें. दिनभृत्याचा अर्धा याम व वर्षांतील पक्ष हे दोन श्लोक असले किंवा नसले, तरी दोन्ही गोष्टी तितक्याच उपयोगाच्या. ज्यांच्याकडे पेशवाईंतील हजिऱ्या व रोजमुऱ्याचे हिशोब आहेत, त्यांनीं आजारी कारकुनाच्या व प्यादाच्या नांवापुढें काय वजा केलें व काय केलें नाहीं, तेवढें टिपून ठेवावें. अशा पन्नास नोंदी एकत्र झाल्या म्हणजे शुक्रनीतिकारानें आपले नियम कंपनीच्या कचेरींत वाचले कीं मराठी फडांत पाहिले, याचा निकाल तर्कावर न राहतां कागदावर लागेल.